शाळेचें दार आणि मुलाचें अंगण

लोकशाही म्हटली कीं आपणांस मतदान आठवतें. आणि शिक्षणांतील लोकशाही म्हटली म्हणजे शाळेचें दार सर्वांस उघडें असणें, एवढाच अर्थ आपण करतों. मॅट्रिक होऊन मास्तरकींत शिरल्यापासून मीहि तोच अर्थ मानीत आलों. तो किती अपुरा आहे हें मला एका वारली मुलामुळें कळलें. ती हकीकत सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतों.

मसोलीस आमचें बिऱ्हाड आणि जवळच्याच एका शाळेंत माझी नोकरी. वर्गांत हा मुलगा होता. बुद्धि तल्लख; हिशेब तोंडीं सोडवी. परंतु आठवड्यांतून दोन दिवस येई व चार दिवस न येई. कारण विचारलें तर म्हणे, "गुरुजी, ढोरें कोण राखणार?" मीं समजावलें, दोनदां रागावलों, आणि अखेर हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारून त्याचें नांव कमी केलें. नियमाप्रमाणें माझें कांहींच चुकलें नव्हतें. दार उघडें होतें. तो आला नाहीं.

त्याच वर्षीं वरच्या वर्गास मीं छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबालाची कथा सांगत होतों. ज्याचें गोत्र ठाऊक नव्हतें अशा मुलास त्याच्या सत्यवचनावरून गौतमांनीं शिष्य केलें, हा भाग आपण सारेच अभिमानानें सांगतों. पुढच्या भागाशीं मात्र माझी जीभ अडखळली. गौतमांनीं त्याला चारशें रोड गाई देऊन रानांत धाडलें. त्यांच्या हजार होईपर्यंत तो परतला नाहीं, आणि त्या काळांत त्याला बैलानें, अग्नीनें, हंसानें व एका पाणपक्ष्यानें ज्ञान दिलें. म्हणजे ऋषींचा शिष्य गुरें राखतांना शिकला. आणि माझ्या शिष्याचें नांव मीं गुरें राखतो म्हणून खोडलें!

या टोंचणीचें उत्तर शोधावयास मला दूर जावें लागलें नाहीं. आमच्याच डहाणू तालुक्यांत, कोसबादच्या टेकडीवर, तें फार पूर्वीं सांपडलेलें होतें.

कै. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें काम केलें, आणि 1926 सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसोरीबाईंची पद्धति त्यांनीं अभ्यासिली होती. परंतु तिचीं साधनें महाग, आणि तिचा लाभ शहरांतील सुखवस्तु घरांनाच. म्हणून 1945 सालीं त्यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. कै. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षीं याच मुलखांत वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, हेंहि लक्षांत ठेवावें.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण वस्तींतील मुलें येतनात. तेव्हां या दोघी हजेरीपट मिटून बसल्या नाहींत. त्याच वस्तींत गेल्या. मुलांना न्हाऊं घातलें, केस विंचरले, आणि तेथल्याच अंगणांत गाणीं-गोष्टी सुरू केल्या. खडे, शिंपले, पानें, बिया हींच साधनें. 'अंगणवाडी' ती हीच. पुढें 1975 सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हां हें नांव देशभर गेलें.

1957 सालीं केंद्र कोसबादला आलें. तेथें निराळ्या अडचणी. मोठी बहीण धाकट्याला संभाळीत घरीं राही. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणिल्या. भाऊ पाळण्यांत निजला कीं बहीण वर्गांत बसावयास मोकळी. आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं? शिक्षकच कुरणांत गेले. ती 'कुरणशाळा'. "ढोरें कोण राखणार?" या शब्दांना मीं सबब समजलों होतों. तो प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर शोधणें हें मुलाचें नव्हे, शाळेचें काम होतें.

आपल्यासारख्या घरांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. पिढ्यान्‌पिढ्या शाळेची वेळ, भाषा आणि रीत आपल्या घराच्या मापानें बेतलेली राहिली. म्हणून ती आपणांस स्वाभाविक वाटते. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशांतून वरिष्ठ वर्गांचें शिक्षण चालतें, हें गाऱ्हाणें महात्मा फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें. 2009 सालीं सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला, तो इष्टच. परंतु कायदा नांव पटावर घालूं शकतो. मुलाची अडचण विचारण्याचें काम माणसालाच करावें लागतें. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनीं 1916 सालच्या आपल्या ग्रंथांत लोकशाही ही राज्यपद्धतीहून अधिक, एकत्र जगण्याची रीत आहे, असें प्रतिपादिलें. कोसबादला ती रीत पाळण्यापासून कुरणापर्यंत चालून दाखविली गेली.

मग आपण काय करावें? धुणेंभांडीं करणाऱ्या बाईबरोबर तिची मुलगी येते. "शाळेंत कां जात नाहींस?" असें दरडावण्याऐवजीं, "तुला कोणत्या वेळीं मोकळें राहतां येईल?" एवढें तिला विचारावें, आणि ती सांगेल त्या वेळीं, ती बसेल तेथें, घरांतील एखाद्या सुनेनें वा मुलानें पाटी घेऊन तिच्याशेजारीं बसावें.

तो मुलगा मला पुन्हां भेटला नाहीं. त्याचें कुरण माझ्या शाळेपासून फार लांब नव्हतें. तेथवर मी एकदांहि गेलों नाहीं, याचें वाईट मला आजहि वाटतें.