निळ्या कॅप्सूलला आच लागली तर

'सायनाइड' म्हटले की डोळ्यांसमोर विषाची कुपी येते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत लोह आणि सायनाइडचे एक संयुग आहे. त्याचे नाव प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघाताने सापडलेला हा गडद निळा रंग आज किरणोत्सारी सीझियम किंवा थॅलियम शरीरात गेलेल्या रुग्णांना कॅप्सूलमधून देतात. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात किरणोपचाराचे जुने यंत्र भंगारात गेले आणि त्यातले सीझियम लोकांच्या घरांत पोहोचले. तेव्हा ४६ जणांना हे औषध दिले गेले. चौघे मात्र वाचले नाहीत.

या औषधाची करामत त्याच्या रचनेत आहे. लोहाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि कोपरे जोडणाऱ्या कडांवर सायनाइड, असा हा पिंजरा. सायनाइड लोहाला इतके घट्ट बांधलेले असते की जठरातल्या आम्लात ते सहजी सुटत नाही. पिंजऱ्यात जागोजागी पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी असते. आतड्यात आलेले सीझियम या जाळीत अडकते व शौचावाटे बाहेर पडते. एरवी शरीरातले निम्मे सीझियम जायला सुमारे ११० दिवस लागतात. औषध दिल्यावर साधारण ३०.

आता उष्णता. मोरचूद तापवला की पाणी उडून तो पांढरा पडतो, हे शाळेत अनेकांनी पाहिले असेल. प्रशियन ब्लूमधलेही पाणी आधी निघते. रंग मोरचुदासारखा उडत नाही. म्हणून नुसते बघून फरक ओळखणे कठीण. पण पाणी गमावलेली पूड सीझियम कमी पकडते, असे चाचण्यांत दिसले आहे. औषध सामान्य तापमानाला ठेवा, ही वेष्टनावरची सूचना म्हणूनच गंभीरपणे घ्यायची. आच आणखी वाढवली, की पिंजराच मोडतो. हवेत जाळल्यास तपकिरी लोह ऑक्साइड उरते आणि धुरात विषारी सायनाइड वायू असू शकतो. १७८२ मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाने हाच निळा रंग तीव्र आम्लाबरोबर तापवून जहाल प्रुसिक आम्ल मिळवले होते!

चुंबकत्वाचीही गंमत आहे. पिंजऱ्यातले निम्म्याहून थोडे अधिक लोह-अणू चुंबकासारखे वागतात, पण ते एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे उणे २६७ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केल्यावरच ते एका दिशेने वळतात. जरा ऊब मिळाली की शिस्त मोडते. लोहाच्या जागी व्हॅनेडियम आणि क्रोमियम बसवून १९९५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी असा पदार्थ बनवला, की तो सुमारे ४२ अंशांपर्यंत चुंबक राहतो. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरची पट्टीही तिथेच संपते.

गंमत म्हणजे, प्रशियन ब्लू जळून उरणाऱ्या लोह ऑक्साइडचे काही प्रकार साध्या खोलीच्या तापमानालाही चुंबकाकडे ओढले जातात. चुंबकत्व मिळते, पण सीझियम धरणारा पिंजरा तोवर गेलेला असतो.