गाढीचे पाणी आणि १४१३चा आकडा

माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी देहरंग धरणाखालून नेरे परिसरातून पनवेलकडे वाहते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. डोंगराचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी यांच्यातील हे थोडे अंतर मोजायचे, तर विद्युतवाहकता हे सर्वांत सोपे माप ठरते. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. ती वाहते विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित कणांमुळे. क्षार वाढले की वाहकताही वाढते. ती मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५३,००० भरते, तर नदीच्या गोड्या पाण्याची बहुधा काही शेकड्यांतच राहते.

मीटरच्या प्रोबमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामधून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विद्युतप्रवाह सोडला जातो, कारण प्रवाह एकाच दिशेने गेला तर आयन इलेक्ट्रोडपाशी साचून मोजमाप बिघडते. आकडा इलेक्ट्रोडमधील अंतरावर आणि त्यांच्या पृष्ठभागावरही अवलंबून असतो. या दोहोंच्या गुणोत्तराला सेल स्थिरांक म्हणतात. नदीचा गाळ, शेवाळ किंवा तेलकट थर बसला की हा स्थिरांक नकळत बदलतो, आणि मीटर तरीही तितक्याच ठामपणे आकडा दाखवीत राहतो. म्हणून ज्याची वाहकता आधीच ठाऊक आहे अशा प्रमाण द्रावणाशी मीटर पडताळून घ्यावा लागतो, आणि यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

सर्वाधिक वापरले जाणारे द्रावण पोटॅशियम क्लोराइडचे असते. एक लिटर द्रावणात ०.७४५५ ग्रॅम क्षार असला की २५ अंशांना त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स भरते. मीटरने १३६० दाखवले, तर १४१३ ला १३६० ने भागून येणारा १.०३९ हा दुरुस्तीचा गुणक झाला. काम सोपे दिसते, पण चुका बारीकसारीक गोष्टींत होतात. प्रोब आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवावा आणि नंतर थोड्या प्रमाण द्रावणानेच खंगाळून ते द्रावण फेकून द्यावे, कारण मागे राहिलेले थेंब पेल्यातील द्रावण पातळ करतात. प्रोब बुडवल्यावर तो हलकेच आपटून हवेचे बुडबुडे काढावेत, कारण इलेक्ट्रोडमध्ये अडकलेला एक बुडबुडाही आकडा घटवतो. वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतणे तर अक्षम्यच, कारण त्याने पुढची सारी कॅलिब्रेशन्स बिघडतात.

तापमान हा यातील सर्वांत मोठा चकवा आहे. वाहकता प्रत्येक अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तेच द्रावण ३० अंशांना सुमारे १५५० दाखवते. कोकणातल्या उन्हाळ्यात तापमानाची भरपाई बंद ठेवून मीटर १४१३ वर बसवला, तर पुढे २५ अंशांच्या नमुन्यांचे आकडे सुमारे नऊ टक्के कमी येतील. यासाठी द्रावण आणि प्रोब दोन्ही एकाच तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते, आणि ही घाई न करणे हेच कॅलिब्रेशनचे अर्धे काम आहे.

बाजारातील पुष्कळ स्वस्त मीटर टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले घन पदार्थ, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दाखवतात. प्रत्यक्षात तेही वाहकताच मोजतात आणि तिला ठरावीक गुणकाने गुणतात. हा गुणक साधारण ०.५ ते ०.७ असा क्षारांच्या प्रकारानुसार बदलतो. बेसाल्टमधील विहिरीच्या बायकार्बोनेटयुक्त पाण्याला आणि खाडीच्या मिठाच्या पाण्याला एकच गुणक लागू पडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००: २०१२ मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० आहे. त्यामुळे या सीमांजवळच्या विहिरीबाबत गुणक कोणता, हे विचारलेच पाहिजे. जंतू किंवा कीटकनाशके मात्र या आकड्यात दिसत नाहीत.

द्रावण निवडताना मोजायच्या पाण्याच्या जवळचे घ्यावे. नेऱ्याच्या बाजूच्या गोड्या पाण्यासाठी १४१३ चालते, त्याहून विरळ पाण्यासाठी १४७ च्या आसपासचे द्रावण मिळते, आणि खाडीकडे उतरताना १२,८८० मायक्रोसीमेन्सचे द्रावण लागते. एका पट्ट्यात मीटर लावून दुसऱ्यात मोजायचे असल्यास, निघण्यापूर्वी तो त्या दुसऱ्या द्रावणातही बुडवून पाहावा आणि फरक मोजणीच्या वहीत टिपून ठेवावा.