चमच्याचा गळ आणि दोरीस पडणारा पीळ

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तेव्हापासून इंदापूर तालुक्याच्या उत्तर शिवेस भीमेचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. अंथुर्ण्याच्या आम्हां रहिवाशांचा नित्य संबंध नीरेच्या डाव्या कालव्याशी. तथापि ऊस तुटून गेला आणि दोन दिवस मोकळे सापडले, की गळ घेऊन पळसदेवाच्या बाजूस जाणारी मंडळी आमच्यातही आहेत. त्यांची एक तक्रार वारंवार कानी येते. पिठाच्या गोळीच्या गळास दोरी सहसा गुंतत नाही. चमचा लावला की तासाभरात तिचे जाळे होते. आमचा जन्म गुंठ्यांच्या हिशेबात गेला, आता मंडळी गुंते घेऊन येतात! सबब हा खुलासा.

चमचा म्हणजे धातूची लांबट, चकाकणारी पट्टी. एका टोकास दोरी, दुसऱ्यास गळ. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली चमच्याच्या गळाचे पेटंट घेतले. जेवणाचा चमचा हातून तळ्यात पडला व मासा त्यावर धावला, त्यावरून ही युक्ती त्यास सुचली, अशी आख्यायिका आहे. चमचा खोल सोडून हात-दीड हात वर उचलावयाचा व पुन्हा पडू द्यावयाचा. तो जखमी माशासारखा लकाकत खाली जातो आणि मरळ, शिवडा यांसारखे शिकारी मासे त्यावर झडप घालतात.

आता, जे लकाकणे माशास भुलविते तेच दोरीस बाधते. चमचा वर ओढताना स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यास दोरीत एक पीळ चढतो. चऱ्हाट वळताना पीळ अधिक झाला, तर ताण सुटताच ते दुमडून त्याची वेटोळी पडतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तंगुसाची दोरी त्याच न्यायाने वागते. चमचा खाली सोडला की ताण जातो, साठलेला पीळ उसळतो, आणि वेटोळे गळात किंवा काठीच्या शेंड्यास अडकते. लोक हातास दोष देतात, मूळ दोष पिळाचा असतो.

उपाय जनावरांच्या साखळीत आहे. बैल फिरला तरी साखळीस पीळ पडू नये म्हणून तीत भवरकडी घालतात. तशीच लहान भवरकडी दोरीत, चमच्यापासून सुमारे एक हात वर बांधावी. ती बोटाने सहज फिरली पाहिजे. गंजलेली भवरकडी असून नसल्यासारखी. चमच्यास दोरीची गाठ थेट मारू नये, मध्ये एक मोकळी कडी ठेवावी, म्हणजे त्याची चाल बिघडत नाही.

चमचा पडत असता काठीचा शेंडा त्याच्याबरोबर हळूहळू खाली न्यावा. दोरी अगदी ताठ धरली तर चमचा लकाकत नाही, अगदी सोडली तर वेटोळे पडते. बैलाचा कासरा आपण धरतो तितपत ओढ असावी. वाऱ्याच्या दिवशी व खोल पाण्यात चमचा जड घ्यावा. तीन काट्यांचा गळ पडताना आपलीच दोरी पकडतो, म्हणून एक काट्याचा बरा.

रिळाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. ज्या रिळाची थाळी स्थिर राहून भोवती तारेची कमान फिरते, त्यावर मोठा मासा दोरी ओढून नेत असता मूठ फिरवू नये. दोरी आत येत नाही, पीळ तेवढा चढतो. मुठीच्या एका फेऱ्यास कमान पाच वेळा फिरत असेल, तर पाच पीळ. मासा थांबला की मग गुंडाळावे. थाळी काठोकाठ भरू नये, जवभर कड मोकळी ठेवावी. कमान हाताने मिटावी व पहिला ढिला फेरा बोटाने ओढून घ्यावा.

पीळ चढलाच, तर चमचा व भवरकडी सोडून नुसती दोरी वाहत्या पाण्यात पन्नास-साठ हात सोडावी आणि थोड्या वेळाने चिमटीत धरून गुंडाळावी. मोकळ्या टोकाकडून पीळ उतरतो. आमच्याकडे पाटाला पाणी असेल तेव्हा हे काम घराजवळच होते. गुंता पडल्यास ओढू नये, ओढल्याने साध्या वेटोळ्याची गाठ होते. तो सैल करून बाहेरचे वेढे आधी काढावेत. घटकाभरात सुटला नाही, तर कापावा. दोरी स्वस्त आहे.

परंतु कापलेला तुकडा काठावर टाकू नये. सुताची दोरी मातीत कुजते. १९३८ साली जगापुढे आलेले नायलॉन वर्षानुवर्षे तसेच राहते. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी चरावयास येतात, काठावर आपली जनावरे पाण्यावर येतात; ते वेटोळे पायात आवळले तर पाय जातो. तुकडे वीतवीतभर कापून पिशवीत घालून घरी आणावेत.