पायदानावरची गाणी आणि सकाळची गाणी

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. या पुणेकर मंत्र्यांचे प्रेम शास्त्रीय संगीतावर. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, बुधवारी, तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत, फिती कोलंबोला जात आणि तिथून गाणी पुन्हा भारतभर ऐकू येत.

सुरुवातीला गाण्यांना क्रमांक नव्हते; पुढे पायदाने आली. क्रमवारी ठरताना रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या रेडिओ क्लबांची पसंती पाहिली जाई. बरेच आठवडे टिकलेले गाणे ‘सरताज गीत’ ठरे. बिगूल वाजवून त्याचा मान होई.

१९५७च्या वार्षिक यादीत पहिले आले ते ‘जनम जनम के फेरे’मधले लता-रफींचे द्वंद्वगीत, संगीत एस. एन. त्रिपाठींचे. त्याच वर्षी ‘प्यासा’, ‘नया दौर’ आणि ‘मदर इंडिया’ आले होते! आज हे तीन चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहेत, ‘जनम जनम’चे नाव मात्र गाण्यामुळेच निघते. पहिल्या क्रमांकाने चित्रपट तगला नाही, गाणे तगले.

पण क्रमवारी त्या-त्या वर्षाची आवड सांगते. गाणे पुढच्या पिढीपर्यंत नेण्याचे काम वेगळ्याच कार्यक्रमांनी केले. सिलोनवर रोज सकाळी जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असे. सैगल जानेवारी १९४७मध्ये गेले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनीही शाळेची तयारी करता करता तो आवाज ओळखीचा करून घेतला. कोणत्याही यादीतल्या क्रमांकापेक्षा हे रोजचे ऐकणे मोठे. विविध भारतीच्या ‘भूले बिसरे गीत’नेही हेच केले.

यात निवड मात्र रेकॉर्डच्या कपाटाने केली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. पडद्यावरचे एखादे कडवे तबकडीवर आले नाही, तर ते रेडिओवरही वाजत नसे. ज्यांनी चित्रपट पाहिला, त्यांच्यापुरतेच ते उरे. ज्या गाण्याची तबकडीच निघाली नाही, त्याचे हाल तर विचारूच नयेत.

२०१७मध्ये सारेगामाने ‘कारवाँ’ आणला: पाच हजार गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा दिसणारा पेटारा. सयानींची गीतमालाही त्यात आहे. अनेक मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला. आत आहेत ती मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्या, संग्रहातली गाणी. हक्क दुसऱ्यांकडे असलेली गाणी त्यांना इतरत्र शोधावी लागतात.