क्रीडांगण आणि रणांगण

क्रिकेटच्या सामन्यास ‘युद्ध’ म्हणण्याची खोड अलीकडे फार बळावली आहे. आम्ही वृत्तपत्रवालेही या दोषातून मुक्त नाही. म्हणूनच ज्यांनी क्रीडांगण व रणांगण दोन्ही पाहिले, त्या हेडली व्हेरिटी यांचे स्मरण आम्हांस उद्बोधक वाटते.

१९०५ साली लीड्स येथे जन्मलेले व्हेरिटी हे यॉर्कशायरचे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९३२ साली नॉटिंगहॅमशायरचे दहाही गडी त्यांनी अवघ्या १० धावांत बाद केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हा विक्रम आजही अबाधित आहे. १९३४ साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचे १५ गडी त्यांनी टिपले, त्यांपैकी १४ एकाच दिवशी. साक्षात ब्रॅडमन कसोटी सामन्यांत आठ वेळा त्यांना बळी पडले. भारतभूमीवरील पहिली कसोटी १९३३ च्या डिसेंबरात मुंबई जिमखान्यावर झाली, तेव्हा सी. के. नायडू यांच्या संघासमोर इंग्लंडच्या बाजूने तेही उभे होते. त्या तीन कसोटींत त्यांनी २३ बळी मिळविले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. त्याच दिवशी होव्ह येथे व्हेरिटी यांनी ससेक्सचे ७ गडी ९ धावांत गारद केले. तो त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना ठरला. युद्धाची चिन्हे दिसू लागताच त्यांनी युद्धशास्त्रावरील ग्रंथांचे अध्ययन आरंभिले होते. फलंदाजाचा कच्चा दुवा हेरणाऱ्या या चिकाटीच्या गोलंदाजाने सैनिकी विद्याही तितक्याच निष्ठेने आत्मसात केली. ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत ते कॅप्टन झाले. पलटणीसमवेत ते रांचीसही येऊन गेले.

जुलै १९४३ मध्ये सिसिली बेटावर, कॅटानियाच्या सपाटीवर, रात्रीच्या हल्ल्यात ते आपल्या तुकडीच्या अग्रभागी होते. भोवती उभे पीक पेटले होते. छातीवर जबर जखम झाली असताही आगेकूच थांबवू नका, अशीच आज्ञा त्यांनी सैनिकांना केली. ते शत्रूच्या हाती सापडले आणि ३१ जुलै रोजी इटलीतील कासेर्ता येथे बंदिवासात निवर्तले. वय अवघे ३८ वर्षांचे.

क्रीडांगणावर हरलेला संघ पुन्हा खेळावयास येतो; कासेर्ताहून व्हेरिटी परतले नाहीत. सामन्याच्या वर्णनात ‘युद्ध’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एवढे भान आम्ही व वाचकांनीही राखावे.