एक्स्चेंजची सीट विकत मिळत नाही

जयपूरच्या सी-स्कीममध्ये अशोक मार्ग, भगवान दास रोड, अहिंसा सर्कल असा फेरफटका मारला की परदेशी शिक्षणाच्या पाट्या पावलोपावली दिसतात. त्यांतल्या काहींवर आता ‘सेमिस्टर अब्रॉड’ ही ओळही असते. इथल्या आमच्या मराठी घरांतली मुलं मणिपाल, एलएनएमआयआयटी किंवा राजस्थान विद्यापीठात शिकतात, आणि गणपतीत भेट झाली की कुणी ना कुणी आई-बाबा हमखास विचारतात : “एक्स्चेंजची सीट कितीला पडते हो? एजंट म्हणाला, करून देतो.”

नाही देत. देऊच शकत नाही.

हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की मूळ गोष्ट सावकाश सांगायला हवी. एक्स्चेंज हा प्रवेश नव्हे, तो दोन विद्यापीठांमधला करार असतो. तुमची दोन मुलं आमच्याकडे, आमची दोन तुमच्याकडे, आणि फी ज्याने त्याने आपापल्या घरी भरायची. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला यजमान विद्यापीठाची ट्युशन फी लागत नाही. तो इथलीच फी भरत राहतो. आता जागा कुणाला मिळणार, हे त्याचं स्वतःचं विद्यापीठ ठरवतं. गुण पाहतं, कधी मुलाखत घेतं, आणि मग नाव कळवतं. याला नॉमिनेशन म्हणतात. पलीकडचं विद्यापीठ अर्ज उघडतं तेच मुळी या नॉमिनेशननंतर. सांगा, या साखळीत एजंट बसतो कुठे?

मग तो विकतो काय? बहुतेकदा फी भरून मिळणारं सेमिस्टर. त्यात बेकायदा काही नाही. अनेक विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी पूर्ण फी घेऊन बसू देतात. फक्त त्याला एक्स्चेंज म्हणून विकणं ही लबाडी आहे, कारण फी दोन्हीकडे भरावी लागते. शिवाय करार नसेल तर तिथले क्रेडिट इथे धरले जातीलच याची हमी कुणी देत नाही. मुलगा परत येतो आणि तेच विषय पुन्हा देतो.

क्रेडिटचं गणित जाण्याआधीच लिहून घ्यायचं असतं. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी, हे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये मांडून विभागप्रमुखांची सही घ्यायची. युरोपात एका सत्राचे साधारण 30 ईसीटीएस (तिथले क्रेडिट) असतात आणि एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास. आपल्याकडच्या नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाचे 1,200 तास आणि 40 क्रेडिट, म्हणजे सत्राला 20. तेव्हा “तिकडे 30 मिळाले, इकडे 20 च धरले” म्हणून भांडू नका. मोजमापच वेगळं आहे. बाहेरून आलेलं तपासून घ्यायची रीत इथे जुनीच आहे. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांनी तर तीनशे वर्षांपूर्वी खगोलशास्त्रासाठी पोर्तुगालला माणसं पाठवली. तिथून आलेली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला हिरची कोष्टकं त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाहीत. स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली आणि चुका काढल्या. त्यांचाच पुतळा स्टॅच्यू सर्कलला उभा आहे. इतकी कडक तपासणी तुमचे विभागप्रमुख करणार नाहीत, पण सही मात्र आधी लागते.

“वर्ष वाया जातं” ही भीती अर्धी खरी आहे. जर्मनीचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होऊन 31 मार्चला संपतं, तासिका फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. आपलं सम सत्र जानेवारीत उघडतं. हा तिढा आधी सोडवला नाही तर खरंच अडकायला होतं. सिंगापूरची सत्रं ऑगस्ट ते डिसेंबर आणि जानेवारी ते मे अशी असल्याने जास्त जुळतात. इंजिनियरिंगवाल्यांनी सातव्या सत्रात जाताना कॅम्पस प्लेसमेंटचाही विचार करावा. अनेक कॉलेजांत त्या मुलाखती नेमक्या तेव्हाच असतात.

“फी माफ म्हणजे सगळं फुकट” हेही नाही. विमान, व्हिसा, विमा, घरभाडं, जेवण सगळं खिशातून. जर्मनीच्या व्हिसासाठी सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेले हे पैसे तिथे दरमहा तुमच्याच हातात येतात, ते शुल्क नव्हे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतली जागा मिळाली तर मासिक भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो, पण तीही जागा विद्यापीठांमधल्या करारातूनच येते.

“पार्ट-टाइम करून खर्च भागेल”? भाषा न येता चार-पाच महिन्यांत? त्यावर बजेट बांधू नका.

“परदेशी पदवी मिळते”? मिळते ती गुणपत्रिका. पदवी इथलीच. परदेशी पदवी हवी तर जॉइंट किंवा ड्युअल डिग्री हा वेगळा रस्ता आहे, त्याचे नियम यूजीसीने मे 2022 मध्ये काढले.

“तिकडे स्थायिक होता येतं”? हा फाटा 25 जानेवारी 2024 नंतर इथे जास्त फुटला. त्या दिवशी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन जयपुरात होते, दुसऱ्या दिवशी त्यांनी 2030 पर्यंत फ्रान्समध्ये 30,000 भारतीय विद्यार्थ्यांचं लक्ष्य सांगितलं. फ्रान्समध्ये किमान एक सत्र शिकलेल्या आणि पदव्युत्तर पदवी असलेल्या भारतीयांना पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा मिळू शकतो, हे खरं. पण तो अल्पमुदतीचा आहे : 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहायचं. नोकरीचा परवाना नव्हे.

तेव्हा सी-स्कीमचा जिना चढण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा आणि करार असलेल्या विद्यापीठांची यादी मागा. एजंट सांगतोय ते नाव त्या यादीत नसेल, तर ते एक्स्चेंज नाही.