वायूचे दोन दवबिंदू

२७ जून २०१४. आंध्र प्रदेशातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, नगरम गावी गेल या सरकारी कंपनीची वायुवाहिनी पहाटे फुटली आणि आगीत वीसहून अधिक माणसे गेली. चौकशीत उघड झाले की वाहिनी कोरड्या वायूसाठी होती, पण तिच्यातून ओला वायू वाहत होता. वायूतले पाणी साचले की त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून आम्ल तयार होते आणि ते पोलाद आतून कुरतडते. म्हणूनच दवबिंदूचे, म्हणजे ज्या तापमानाला वायूतून द्रव सुटू लागतो त्याचे, मोजमाप हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पहिला दवबिंदू पाण्याचा. विहिरीतून वायू येतो तो बाष्प घेऊनच. थंडीत वाहिन्या तुंबायच्या, तो दोष बर्फाचा नसून पाणी आणि वायू मिळून बनणाऱ्या हायड्रेटचा, हे हॅमरश्मिट या संशोधकाने १९३४ मध्ये दाखवले. दाब पुरेसा असेल तर हे स्फटिक शून्य अंशाच्या वरही जमतात. त्यामुळे वायू पाणी शोषणाऱ्या ग्लायकॉलने धुऊन त्यातले बाष्प काढून घेतात.

दुसरा दवबिंदू हायड्रोकार्बनचा. मिथेन वाहिनीत द्रवरूप होत नाही; होतात ते पेंटेन, हेक्झेन आणि त्यांहून जड घटक. मुंबई हायच्या वायूतून एलपीजी आणि नाफ्था उरणला वेगळे काढतात, ते याच जड बाजूचे धन. पण हे जड घटक वायूतच राहिले तर त्यांची वागणूक चकवणारी असते. पाण्याचा दवबिंदू दाबाबरोबर चढतो. हायड्रोकार्बनचा मात्र ७० बारवरून दाब उतरवताना आधी वर जातो, साधारण २५ ते ४० बारच्या दरम्यान शिखर गाठतो आणि मग घसरतो. त्यातच दाब उतरताना वायू स्वतःही थंड होतो. म्हणून दाब कमी करणाऱ्या केंद्रातच द्रव सुटण्याची भीती जास्त, आणि तो टर्बाइनच्या बर्नरपर्यंत पोहोचला तर यंत्राची हानी होते.

अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सची दवबिंदू मोजण्याची जुनी पद्धत आजही वापरात आहे: चकचकीत धातूचा आरसा हळूहळू थंड करायचा आणि पहिले दव दिसताच तापमान टिपायचे. पाण्याचे थेंब नजरेत भरतात. हायड्रोकार्बनचा थर मात्र पातळ, पारदर्शक, तेलाच्या तवंगासारखा पसरतो. तो नेमका कधी उमटला, यावर दोन निरीक्षकांचे एकमत होणे कठीण. तोच आधी जमला तर पाण्याचे दव झाकतो. वायूबरोबर आलेले ग्लायकॉलही फसवते. स्वयंचलित यंत्रे आरशावरून परतणाऱ्या प्रकाशातला बदल टिपतात, तर क्रोमॅटोग्राफ घटक मोजून दवबिंदूचे गणित मांडतो. पण अतिजड घटकांचा लवलेश सुटला तरी हे उत्तर कित्येक अंशांनी चुकते. नमुन्याची नळी गरम ठेवली नाही, तर जड घटक वाटेतच गळतात आणि वायू आहे त्याहून चांगला भासतो.

युरोपातल्या ईझी-गॅस संस्थेने सुचवलेली मर्यादा दोन दवबिंदूंमधल्या या फरकाची जाण ठेवते: पाण्यासाठी ७० बारला उणे ८ अंश, हायड्रोकार्बनसाठी १ ते ७० बारच्या संपूर्ण पट्ट्यात उणे २ अंश. पाण्याला एक दाब पुरतो, हायड्रोकार्बनला पट्टा लागतो. म्हणून ‘वायू कोरडा आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्यासोबत दोन्ही आकडे हवेत, दाब हवा, मोजण्याची पद्धत हवी. आणि आकडा मर्यादा ओलांडत असेल, तर झडप बंद करण्याचा अधिकार त्या पाळीला कामावर असलेल्या माणसाच्या हाती हवा.